एसक्यूएलमधे <> लिहायचं का !=, आणि बावीस क्विंटल कांदा गेला कुठं

नाशिकच्या सातपूरला ज्या छोट्या ऑफिसात मी बसतो तिथं महिन्यातून एकदा तरी हा वाद होतोच, की क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, "बरोबर नाही" असं लिहायला <> वापरायचं का !=. एखादा पोरगा सी आणि जावा शिकून आलेला असतो, त्याच्या डोळ्याला != सोडून दुसरं काही पटत नाही. दुसरा एक्सेल आणि अ‍ॅक्सेसवर वाढलेला असतो, तो म्हणतो <> हेच खरं, आणि मग चहा गार होईपर्यंत चालू. उत्तर एका ओळीत आहे, ते आधीच देऊन टाकतो: मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल, एसक्यूलाइट, या सगळ्या डेटाबेसांत दोन्ही चालतात आणि दोन्हीचा अर्थ एकच आहे. स्पीड तीच, रिझल्ट तोच.

मग एवढा लांबलचक लेख कशाला? कारण हे मला माहीत असूनही एकदा मी नेमका उलटा उद्योग केलाय. पिंपळगावकडच्या एका कांदा व्यापाऱ्याचा आवकेचा हिशोब आमच्याकडे होता. त्यांच्या दिवाणजींचा फोन आला, "साहेब, तुमच्या कम्प्युटरनं बावीस क्विंटल कांदा खाल्ला बघा." मी म्हटलं, "दिवाणजी, बघतो, संध्याकाळपर्यंत सांगतो." आणि बघितलं काय, तर रिपोर्टच्या क्वेरीत जिथं जिथं != होतं तिथं <> करत बसलो, कुठल्यातरी जुन्या सिनिअरनं कधीतरी "ते स्टँडर्ड नाही" म्हणलेलं डोक्यात होतं म्हणून. बेरीज अर्थातच तिथल्या तिथं. घोळ चिन्हात नव्हताच, चिन्हाच्या आजूबाजूला होता, आणि पुढं जे लिहिलंय ते बरंचसं त्या आजूबाजूबद्दल आहे.

आधी खेळायला एक टेबल करून घ्या

नुसतं वाचू नका, शेजारी एखादा डेटाबेस उघडून ठेवा, एसक्यूलाइट असला तरी पुरे. इथं क्वेरी मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, तुम्ही टाइप करताना कीवर्ड आणि आकडे नेहमीसारखे इंग्रजीतच टाका. टेबल आणि कॉलमची नावं मात्र मराठीत ठेवली तरी पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल तक्रार करत नाहीत, करून बघा, मजा येते.

क्रिएट टेबल आवक (क्र इंट, गाव टेक्स्ट, प्रकार टेक्स्ट, क्विंटल इंट, स्थिती टेक्स्ट);

त्यात ह्या आठ ओळी टाका. मार्चचे दिवस धरा, कांद्याच्या प्रकारांपैकी लाल संपत आलेला असतो, रांगडा असतो आणि उन्हाळ नुकता सुरू झालेला असतो:

१, निफाड, उन्हाळ, २२, विकला
२, येवला, लाल, १५, विकला
३, चांदवड, उन्हाळ, ३०, परत
४, सिन्नर, नल, १२, विकला
५, देवळा, रांगडा, १८, नल
६, निफाड, लाल, २५, बाकी
७, कळवण, उन्हाळ, ४०, नल
८, दिंडोरी, नल, १०, परत

एकूण १७२ क्विंटल. हा आकडा लक्षात ठेवा, सारखा लागणार आहे. जिथं नल लिहिलंय तिथं खरोखरचं नल टाकायचं, म्हणजे किंमत भरलेलीच नाही असं सांगणारा कीवर्ड, अवतरणात 'नल' असा शब्द नाही, नाहीतर पुढचं सगळंच चुकेल.

दोन्ही चिन्हं चालवून बघा

सिलेक्ट * फ्रॉम आवक व्हेअर प्रकार <> 'उन्हाळ';
सिलेक्ट * फ्रॉम आवक व्हेअर प्रकार != 'उन्हाळ';

दोन्हीला ३ ओळी येतील, क्रमांक २, ५ आणि ६. आता पोस्टग्रेस असेल तर != वाल्या क्वेरीच्या आधी एक्सप्लेन (क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारा कीवर्ड) लावा आणि फिल्टरची ओळ वाचा. तुम्ही != लिहिलंय पण तिथं <> दिसेल. कारण पोस्टग्रेस पार्सिंगच्या, म्हणजे क्वेरी वाचून घेण्याच्या, अगदी सुरवातीलाच != चं <> करून टाकतो, त्यामुळे पुढं प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) तुम्ही मुळात काय टाइप केलं होतं हे कळतच नाही. "अमुक फास्ट आहे" म्हणणाऱ्याला ही एक ओळ दाखवायची आणि कामाला लागायचं.

दोन चिन्हं आली कुठून म्हणाल तर <> ही बेसिक आणि पास्कलकडची सवय, != ही सी कडची. १९८६ साली एसक्यूएलचं पहिलं अ‍ॅन्सी स्टँडर्ड (अमेरिकेतल्या मानक संस्थेचं) आलं, आणि स्टँडर्डमधे आजही फक्त <> आहे. != सगळ्यांनी आपापल्या मनानं घेतलं, लोकांना हवं होतं म्हणून. मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमधे तर != च्या पुढं हे आयएसओ स्टँडर्ड नाही अशी स्पष्ट नोंदच आहे. ओरॅकलमधे ^= पण चालतं, पण ते कुणी नवीन कोडमधे लिहिताना दिसलं तर त्याला चहा पाजून समजावा.

जिथं खरंच फरक पडतो अशा चार-दोन जागा

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमधे != चालत नाही, सिंटॅक्स एरर येतो, तिथं <> च. नाशिकमधे अजून किती आडत्यांकडं, किती छोट्या कारखान्यांत अ‍ॅक्सेसच्या फायली चालू आहेत ते तिथं जाऊन बघितल्याशिवाय पटायचं नाही, त्यामुळे हा मुद्दा पुस्तकी समजू नका. जावावाल्यांसाठी, जेपीक्यूएलच्या (जावातून डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेच्या) स्पेसिफिकेशनमधे पण फक्त <> आहे, हायबरनेट ही लायब्ररी != चालवून घेते ते तिचं मोठं मन.

उलट बाजूनं, क्वेरी एक्सएमएल फाइलमधे लिहीत असाल, मायबॅटिस या जावा लायब्ररीच्या मॅपरमधे लिहितात तसं, तर <> मधलं पहिलं कंसासारखं चिन्ह एक्सएमएलला टॅगची सुरवात वाटते आणि फाइल वाचतानाच बोंब होते. मग एकतर ते एस्केप करा, नाहीतर क्वेरी सीडेटामधे (हा नुसता मजकूर आहे असं एक्सएमएलला सांगणाऱ्या खुणांत) गुंडाळा, नाहीतर सरळ != लिहा आणि मोकळे व्हा. मी तिथं != च लिहितो, स्टँडर्डच्या नावानं फाइल वाचता न येण्यासारखी करायची नाही.

तिसरी जागा गमतीची आहे. काही लोक भाव ठरला नसेल तर -१ टाकून ठेवतात (टाकू नये, पण टाकतात), आणि मग क्वेरी लिहितात

व्हेअर भाव!=-१

मधे स्पेस नाही. पोस्टग्रेस यावर म्हणतो असा ऑपरेटरच नाही. कारण त्याला !=- हे तीन चिन्हांचं मिळून एकच ऑपरेटर वाटतं, उद्गारचिन्ह असलेल्या ऑपरेटरच्या शेवटी वजा चालतो असा त्याचा नियम आहे. भाव<>-१ लिहिलं तर मात्र बिनबोभाट चालतं, कारण तिथं उद्गारचिन्ह नाही म्हणून शेवटचा वजा वेगळा धरला जातो. उपाय एकच, ऑपरेटरच्या दोन्ही बाजूंना स्पेस द्यायची सवय. स्पेसला पैसे पडत नाहीत.

आणि घाईत उलटं टाइप झालं, म्हणजे != च्या जागी =! झालं, तर पोस्टग्रेस एरर देतो पण मायएसक्यूएल देत नाही! त्याला वाटतं तुम्हाला "बरोबर आहे, कशाच्या, तर नॉट अमुकच्या" असं म्हणायचंय. क्विंटल =! ५ म्हणजे क्विंटल = ० होऊन बसतं, ओळी शून्य, आणि तुम्ही डेटा कुठं गेला शोधत फिरता. हे उद्गारचिन्ह नॉट म्हणून वापरणं मायएसक्यूएलनं ८.०.१७ पासून डेप्रिकेट (वापरू नका असं जाहीर) केलंय, पण चालतंय अजून. <> वापरणाऱ्याच्या हातून ही चूक होऊच शकत नाही, आणि मी <> कडं झुकतो त्याचं खरं कारण हे आहे, स्टँडर्ड बिंडर्ड नंतर.

आता बावीस क्विंटल

परत पहिल्या क्वेरीकडं या. उन्हाळ सोडून बाकीचा माल: १५ + १८ + २५ = ५८ क्विंटल. आता = 'उन्हाळ' करून बघा: २२ + ३० + ४० = ९२. दोन्हीची बेरीज १५०. पण माल आहे १७२. राहिले २२, आणि ते आहेत सिन्नरचे १२ आणि दिंडोरीचे १०, ज्यांचा प्रकार नल आहे. "उन्हाळ आहे" मधे ते नाहीत आणि "उन्हाळ नाही" मधे पण नाहीत.

हे पचवायला ट्रॉली डोळ्यासमोर आणा. गेटवर ट्रॉली उभी आहे, वर ताडपत्री बांधलेली. तुम्ही विचारलं, ह्यात उन्हाळ आहे का? गेटवाला म्हणतो माहीत नाही. बरं मग, उन्हाळ सोडून दुसरा आहे का? परत माहीत नाही. नल म्हणजे ही ताडपत्री. शून्य नाही, रिकामी जागा पण नाही. नलशी कसलीही तुलना केली, =, <>, != काहीही, तर उत्तर खरंही नसतं आणि खोटंही नसतं, अज्ञात असतं, आणि व्हेअर फक्त खरं उत्तर आलेल्या ओळी आत सोडतो. आणि आधी नॉट लावून काही सुटत नाही. व्हेअर नॉट (प्रकार = 'उन्हाळ') चालवून बघा, त्याच ३ ओळी, कारण अज्ञातच्या उलट पण अज्ञातच.

इथं एक उलटी गंमत, जी मला बरीच वर्षं माहीत नव्हती. चेक कन्स्ट्रेंटमधे, म्हणजे टेबलात ओळ शिरताना तपासायच्या अटीत, नियम फिरतो. चेक (प्रकार <> 'खराब') लावलं तर नल प्रकाराची ओळ बिनधास्त आत जाते, कारण चेक फक्त खोटं उत्तर आलं तरच अडवतो, अज्ञातला जाऊ देतो. म्हणजे व्हेअरचा वॉचमन ओळख पटल्याशिवाय आत सोडत नाही आणि चेकचा वॉचमन गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय बाहेर काढत नाही.

मग लिहायचं कसं? सगळीकडे चालणारं, जरा लांब पण बघताक्षणी कळणारं:

व्हेअर प्रकार <> 'उन्हाळ' ऑर प्रकार इज नल

५ ओळी, ८० क्विंटल, आणि ८० अधिक ९२ म्हणजे १७२, हिशोब जुळला. फक्त पुढं अजून अँड लावणार असाल तर या ऑरला कंस घाला, कारण अँड आधी सोडवला जातो. नुसतं अँड क्विंटल > ११ चिकटवलंत तर ते फक्त इज नलला लागू होईल.

ज्यांना आखूड हवंय त्यांच्यासाठी १९९९ च्या स्टँडर्डमधे इज डिस्टिंक्ट फ्रॉम आलं:

व्हेअर प्रकार इज डिस्टिंक्ट फ्रॉम 'उन्हाळ'

हे नलला पण एक किंमत असल्यासारखं वागवतं, त्याच ५ ओळी देतं. पोस्टग्रेसमधे आधीपासून आहे, एसक्यूएल सर्व्हरमधे २०२२ च्या व्हर्जनपासून, एसक्यूलाइटमधे ३.३९ पासून (त्याच्या आधी नुसतं इज नॉट 'उन्हाळ' लिहून पण तेच काम होतं). मायएसक्यूएलमधे हे नाही, तिथं <=> नावाचं नल चालवून घेणारं "बरोबर" आहे, त्याच्या आधी नॉट लावायचं: नॉट (प्रकार <=> 'उन्हाळ'). जुना भाव आणि नवा भाव ताडून बदल झालाय का ते बघायचं असेल, ट्रिगरमधे (ओळ बदलली की आपोआप चालणाऱ्या कोडमधे) वगैरे, तिथं साधं <> कधीच वापरू नका. काल भाव नल होता आणि आज २१०० झाला तर <> ला तो बदल वाटत नाही, आणि ऑडिटच्या टेबलात ती नोंद कधीच जात नाही.

कोअलेस (नलच्या जागी आपण दिलेली किंमत ठेवणारं फंक्शन) वापरून पण करतात, कोअलेस(प्रकार, '') <> 'उन्हाळ' असं. चालतं, पण ओरॅकलवर हे करू नका. ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगलाच नल मानतो, म्हणजे तुम्ही नलच्या जागी नलच ठेवला आणि परत ३ ओळी. त्याच कारणानं ओरॅकलमधे शेरा <> '' असं लिहिलं तर कधीच एकही ओळ येत नाही, तिथं इज नॉट नल लिहायचं. कोअलेसमधे रिकाम्या स्ट्रिंगऐवजी '-' सारखं काहीतरी टाका.

ऑर, अँड आणि नॉट इन

बोलताना आपण म्हणतो "उन्हाळ किंवा लाल नको", आणि हात आपोआप असं लिहितो:

व्हेअर प्रकार <> 'उन्हाळ' ऑर प्रकार <> 'लाल'

येतील ६ ओळी, म्हणजे नल सोडून सगळ्या. लाल कांदा उन्हाळ नसतोच की, म्हणून पहिली अट पास, आणि उन्हाळ लाल नसतो म्हणून दुसरी पास, मग अडणार कोण? इथं अँड पाहिजे, मग फक्त देवळ्याचा रांगडा येईल. नॉट इन ('उन्हाळ', 'लाल') म्हणजे हेच अँडवालं, आखूड लिहिलेलं. ही चूक नवीन पोरंच करतात असं नाही, मी परवा माझ्याच कोडमधे पकडली.

नॉट इनचा स्वतःचा एक सुरुंग आहे. यादीत एक जरी नल शिरला तरी सगळं शून्य. नॉट इन ('उन्हाळ', नल) म्हणजे प्रकार <> 'उन्हाळ' अँड प्रकार <> नल, दुसरी अट कधीच खरी होत नाही, संपलं. हातानं कोण कशाला नल टाकेल, पण यादी सबक्वेरीतून (क्वेरीच्या आतल्या क्वेरीतून) येते तेव्हा तो गुपचूप येतो. पेमेंट नावाचं दुसरं टेबल करा, आवक_क्र आणि पद्धत अशा दोन कॉलमचं, आणि चार ओळी टाका: १ रोख, २ चेक, ४ रोख, ६ एनईएफटी. पैसे कुणाचे बाकी आहेत?

सिलेक्ट * फ्रॉम आवक व्हेअर क्र नॉट इन (सिलेक्ट आवक_क्र फ्रॉम पेमेंट);

४ ओळी, ३, ५, ७, ८. बरोबर. आता पेमेंटमधे एक उचल टाका जिला आवक_क्र नाही, नल. परत चालवा. शून्य ओळी, म्हणजे कुणाचंच काही देणं नाही, आणि शेतकरी दारात उभे! त्यामुळे सबक्वेरी असेल तर नॉट एक्झिस्ट्स वापरायचं, त्याला नलनं फरक पडत नाही:

सिलेक्ट * फ्रॉम आवक ए व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (सिलेक्ट १ फ्रॉम पेमेंट पी व्हेअर पी.आवक_क्र = ए.क्र);

ती उचलीची ओळ आता काढून टाका, पुढचे आकडे चार ओळींवर आहेत.

जॉइनमधलं "बरोबर नाही"

"ज्याचं पेमेंट नाही ते" हे काही जण दोन टेबलं जोडून असं लिहितात: जॉइन पेमेंट पी ऑन ए.क्र <> पी.आवक_क्र. वाचायला अगदी बरोबर वाटतं, पण येतात २८ ओळी. ८ गुणिले ४ म्हणजे ३२ जोड्या, त्यातल्या जुळणाऱ्या ४ वजा. निफाडच्या पहिल्या ट्रॉलीचे पैसे दिलेत, तरी ती बाकीच्या तीन पेमेंटशी जुळत नाही म्हणून तीनदा येते. आठ ओळींवर २८ येतात म्हणून दिसतं तरी, पण टेबल लाखाचं असेल तर सर्व्हर आडवा होतो आणि मग डीबीएचा (डेटाबेस सांभाळणाऱ्याचा) फोन येतो. जॉइनच्या ऑनमधे एकटं <> दिसलं की थांबून दोनदा वाचा.

लेफ्ट जॉइन, म्हणजे जोड नसली तरी पहिल्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवणारा जॉइन, त्याचा घोळ याहून बारीक आहे. समजा सगळी आवक दाखवायचीय, फक्त रोखीची पेमेंट वगळून.

सिलेक्ट * फ्रॉम आवक ए लेफ्ट जॉइन पेमेंट पी ऑन पी.आवक_क्र = ए.क्र व्हेअर पी.पद्धत <> 'रोख';

येतात फक्त २ ओळी, येवला आणि निफाडचा लाल. ज्यांचं पेमेंटच नाही त्यांची पद्धत नल, नलची ताडपत्री, व्हेअरनं बाहेर काढलं, म्हणजे लेफ्ट जॉइन लिहूनही फक्त जुळलेल्या ओळींचा इनर जॉइनच झाला. इंटरनेटवर लगेच सल्ला मिळतो की अट ऑनमधे हलवा. हलवून बघा, ८ ओळी येतील, पण आता निफाडचा उन्हाळ आणि सिन्नर, ज्यांना रोख पैसे दिलेत, ते पण पेमेंट न मिळाल्यासारखे रिकामे दिसतील! दिवाणजी दुसऱ्यांदा पैसे देतील. खरं हवं होतं ते पी.पद्धत <> 'रोख' ऑर पी.पद्धत इज नल, ६ ओळी. कुठला आकडा बरोबर हे क्वेरी सांगणार नाही, तुम्हाला प्रश्न नेमका काय विचारायचाय ते आधी मराठीत लिहून काढा आणि मग कीबोर्डला हात लावा.

मराठी डेटा असेल तर हे वाचाच

एसक्यूएल सर्व्हरवर मराठी मजकुराच्या अवतरणाआधी इंग्रजी एन लावावा लागतो, एन'उन्हाळ' असा. विसरलात तर, डेटाबेस यूटीएफ-८ कोलेशनचा (कोलेशन म्हणजे मजकूर साठवायचे आणि ताडायचे नियम) नसेल तर, त्या शब्दाचं '??????' होतं. = असेल तर शून्य ओळी येतात म्हणून चूक पटकन सापडते. पण <> असेल तर? "प्रश्नचिन्हं नसलेले सगळे" असा अर्थ होतो आणि नल सोडून सगळ्या ६ ओळी येतात, उन्हाळ धरून. रिपोर्ट भरलेला दिसतो, कुणाला संशय येत नाही. "बरोबर नाही"ची हीच खोड आहे, शब्द चुकला की कमी नाही तर जास्त माल दाखवतं.

दुसरं, डोळ्याला सारखे दिसणारे शब्द आतून वेगळे असू शकतात. गिऱ्हाईक मधला ऱ्ह दोन-तीन पद्धतीनं टाइप होतो, कुणी ऱ हे अक्षर वापरतं, कुणी साध्या र ला हलंत आणि मग न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. बाइट वेगळे, म्हणून पोस्टग्रेसला शब्द वेगळे, आणि <> ला दोघं "बरोबर नाहीत". पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे, ते ऱ आणि र खाली नुक्ता यांना एक करतं, पण जोडचिन्ह तसंच ठेवतं, ते रिप्लेसनं काढावं लागतं. शेवटी आलेली स्पेस पण तशीच. 'उन्हाळ' आणि शेवटी स्पेस असलेला 'उन्हाळ ' एसक्यूएल सर्व्हर एकच धरतो, पोस्टग्रेसचा टेक्स्ट कॉलम वेगळे धरतो, मायएसक्यूएलमधे कोलेशनवर अवलंबून. सर्व्हर बदलला की रिपोर्ट बदलतो तो यामुळे. शोधायचं असेल तर आधी सिलेक्ट डिस्टिंक्ट प्रकार, लेंग्थ(प्रकार) चालवा, एकाच शब्दाला दोन लांब्या दिसल्या की चोर सापडला.

बाकी भराभर. टेक्स्ट कॉलमची तुलना आकड्याशी करू नका, मायएसक्यूएलमधे प्रकार <> ० लिहिलं तर 'लाल', 'उन्हाळ' सगळ्यांचा शून्य होतो आणि ओळच येत नाही, पोस्टग्रेस निदान एरर तरी देतो. <> 'उन्हा%' मधलं टक्का चिन्ह नुसतं टक्का चिन्हच राहतं, पॅटर्न पाहिजे तर नॉट लाइक. आणि तारखेच्या कॉलममधे वेळ पण असेल तर <> '२०२५-०३-१४' फक्त त्या दिवशीची मध्यरात्र वगळतं, सकाळी साडेदहाचा लिलाव आत राहतो, त्यामुळे १४ तारखेच्या आधीचं किंवा १५ पासून पुढचं असं दोन बाजूंनी लिहा.

स्पीडचं काय

चिन्हानं नाही, पण "बरोबर नाही" या प्रकारानंच इंडेक्सला (ओळी पटकन शोधायच्या सूचीला) अवघड जातं. दिंडोरी सोडून सगळी गावं दाखव म्हटलं तर जवळजवळ अख्खं टेबलच वाचायचंय, इंडेक्स काय करणार. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर <> ला "याच्याहून लहान" आणि "याच्याहून मोठं" अशा दोन तुकड्यांत फोडून इंडेक्स वापरू शकतात, पोस्टग्रेसचा नेहमीचा बी-ट्री इंडेक्स <> साठी शोध घेतच नाही. पण खऱ्या कामात बऱ्याचदा उलटं असतं, लाखभर ओळी 'विकला' आणि शे-दोनशे उरलेल्या, आणि तुम्हाला नेमक्या त्याच हव्या असतात. तिथं पोस्टग्रेसमधे पार्शल इंडेक्स (ठरावीक ओळींपुरताच) करा, क्रिएट इंडेक्सच्या शेवटी व्हेअर स्थिती <> 'विकला' लावून. एसक्यूएल सर्व्हरमधे यालाच फिल्टर्ड इंडेक्स म्हणतात, मायएसक्यूएलमधे नाही. दुसरा मार्ग, स्थिती इन ('बाकी', 'परत') असं सरळ लिहायचं, इंडेक्स खूश. फक्त उद्या कुणी 'लिलावात' अशी नवी स्थिती काढली तर ती या यादीत आपोआप येणार नाही, हे पत्करून लिहा. आणि नल स्थितीच्या ओळी, देवळा आणि कळवण, या दोन्ही मार्गांत सापडत नाहीत हे आता सांगायला नको.

जुना कोड साफ करायचा असेल तर

एडिटरमधे <> आणि != दोन्ही शोधा, पण एकाचं दुसरं करायला नाही. प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारा, हा कॉलम नल असू शकतो का? नसेल तर पुढं चला. असेल तर नलवाल्या ओळी इथं हव्यात का नकोत हे ज्याचा रिपोर्ट आहे त्याला विचारा, स्वतः ठरवू नका. आमच्याकडं टीमसाठी <> ठरलंय, एक्सएमएलमधे != ला सूट, आणि कुणाच्या कोडमधे दुसरं चिन्ह दिसलं म्हणून रिव्ह्यूत कॉमेंट टाकायची नाही, हे पण ठरलंय.

मी आधी दिवाणजींना म्हटलं होतं की प्रकार भरल्याशिवाय नोंदच होऊ देत नाही, नॉट नल लावून टाकतो. ते म्हणाले, "साहेब, पहाटे गाड्यांची रांग लागती, ताडपत्री सोडल्याशिवाय कळतंय का आत काय ते? तुम्ही लावा कुलूप, पोरगं समोर येईल ते बटण दाबून मोकळं हुईल." बरोबरच होतं त्यांचं, मग सगळाच माल उन्हाळ दिसला असता. म्हणून नल तसाच ठेवला आणि रिपोर्टमधे ग्रुप बाय करून एक ओळ वाढवली. उन्हाळ ९२, लाल ४०, रांगडा १८, आणि त्याखाली "प्रकार नोंदवला नाही" २२.